रिपोर्ट घरपोच

चार्जरची मागची बाजू वाचायला भिंग लागतं आणि सवड लागते. ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी असतात त्या निवृत्त मंडळींना नेमका चार्जर सापडत नाही. त्यामुळे तिथला मजकूर आजवर न वाचलेलाच राहिला आहे. एकात एक दोन चौकोन, घराचं चित्र, फुली मारलेली कचरापेटी, सी आणि ई ही दोन गोलसर अक्षरं, आणि भारतात नोंदलेला असेल तर 'आर'पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर. यातल्या बऱ्याच चिन्हांच्या मागे कुठेतरी एक प्रयोगशाळा उभी असते. निदान असावी, असा कायद्याचा समज आहे.

ही प्रयोगशाळा, म्हणजे धंद्यातल्या भाषेत लॅब, शोधायचं काम माझ्याकडे आहे. भोसरीत आमचा एलईडीचे ड्रायव्हर बनवायचा छोटा कारखाना आहे. ("तुमच्याकडे ड्रायव्हर किती?" असं एका लग्नात एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, "महिन्याला वीस हजार." तेव्हापासून त्या बाजूच्या नातेवाइकांत आमच्याविषयी भलताच आदर आहे.) ड्रायव्हर म्हणजे एलईडी दिव्याच्या पोटात किंवा शेजारी बसणारी डबी. घरातली २३० व्होल्टची वीज ती दिव्याला सोसेल अशी करून देते. दिवा गेला म्हणून आपण हळहळतो तेव्हा बहुतेक वेळा दिवा धडधाकट असतो, गेलेली असते ती ही डबी.

छोट्या कारखान्यात रेग्युलेटरी कम्प्लायन्स नावाचा विभाग नसतो. एक माणूस असतो. त्याची निवड त्याला त्यातलं कळतं म्हणून होत नाही. छापलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड ज्याला असते त्याच्या गळ्यात हे काम पडतं.

लॅब बघायची म्हटल्यावर मालकांचा पहिला प्रश्न असतो, "पास होईल ना?" दुसरा, "किती दिवसांत?" तिसरा, "किती घेतील?" लॅब बरी आहे का, हा चौथा प्रश्न मी स्वतःच विचारतो आणि त्याचं उत्तरही मीच देतो, कारण तोवर मालकांना दुसरा फोन आलेला असतो.

पहिल्या प्रश्नाला छातीठोकपणे 'हो' म्हणणारे लोक बाजारात आहेत. ते स्वतःला कन्सल्टंट म्हणवतात. असाच एक जण आमच्याकडे आला होता. बॅगेतून त्यानं रंगीत दरपत्रक काढलं. साधा रिपोर्ट, ग्राफसह रिपोर्ट, आणि 'युरोपात चालणारा' रिपोर्ट. सॅम्पल कुठे पाठवायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "कशाला तसदी घेता सर, चारी बाजूंनी फोटो काढा आणि व्हॉट्सअॅप करा."

"मग ग्राफ कुठून येणार?"

"ग्राफ चांगला येतो सर," तो म्हणाला. "आजवर कोणाची तक्रार नाही."

रिपोर्ट घरपोच मिळेल, असंही त्यानं जाताना सांगितलं. मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी पूर्वी फक्त त्यांचा आयकर परतावा आला तेव्हा पाहिलं होतं.

त्या माणसाला तरी काय बोल लावणार? चाचणी या प्रकाराशी आपली पहिली ओळखच पीयूसीच्या गाडीपाशी होते. पेट्रोल पंपाच्या कडेला एक ओम्नी उभी असते, सायलेन्सरमध्ये नळी घातल्यासारखं करतात, आणि पोलिसाला दाखवायचा कागद हातात पडतो. गाडी घरी ठेवून नुसता नंबर घेऊन गेलात तरी काम होतं, अशी ख्याती असलेली ठिकाणं गावोगाव आहेत, आणि त्यांचा पत्ता आपण एकमेकांना उपकार केल्यासारखा सांगतो. चाचणी म्हणजे कागद मिळवायचा मार्ग, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय, की एखाद्यानं खरोखरच नळी आत घातली तर आपल्याला तो अडवणूक करतोय असं वाटतं.

सुरुवातीला हे असं नव्हतं. १८९३ साली शिकागोला जागतिक मेळा भरला. त्याच निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, एवढं आपल्याला माहीत असतं. त्या मेळ्यात विजेच्या दिव्यांचा असा लखलखाट होता, की बघे खूश होते आणि विमा कंपन्यांना झोप येत नव्हती. वायरिंग नवं, इमारती तकलादू, आणि जळलं तर पैसे यांनी भरायचे. तिथल्या विजेची तपासणी करायला विल्यम हेन्री मेरिल नावाचा तरुण इंजिनिअर आला, आणि पुढच्या वर्षी, १८९४ साली, त्यानं विमावाल्यांच्या आधारानं एक तपासणीची खोली उघडली. आज जगभर वस्तूंवर दिसणारं 'यूएल' हे नाव त्या खोलीतून आलं. गंमत अशी, की त्या खोलीचे पैसे देणाऱ्याला खरं ऐकायचं होतं. खोटं ऐकलं असतं तर त्याचंच दिवाळं निघालं असतं. आज लॅबचं बिल आम्ही भरतो, म्हणजे ज्याची वस्तू तोच. आणि आम्हाला काय ऐकायचं असतं ते वर आलंच आहे.

म्हणून मग लॅबवर लक्ष ठेवणारा कोणीतरी लागतो. आपल्याकडे ते काम एनएबीएल करतं. आयएसओ १७०२५ नावाचं मानक आहे, २०१७ साली ते नव्यानं लिहिलं गेलं. त्याप्रमाणे लॅब चालते की नाही हे एनएबीएलची माणसं येऊन बघतात आणि मान्यता देतात. लॅबवाले ते प्रमाणपत्र रिसेप्शनमध्ये, गणपतीच्या बरोबर खाली, चौकटीत लावतात. आलेलं गिऱ्हाईक दोघांनाही नमस्कार करतं आणि खुर्चीवर बसतं.

इथे माझी खोड कामाला येते. त्या प्रमाणपत्राला पुरवणी असते. तिला स्कोप म्हणतात, आणि ही लॅब नेमक्या कुठल्या वस्तूची, कुठल्या मानकाप्रमाणे, कुठली चाचणी करायला लायक आहे, ते तिथे ओळीनं लिहिलेलं असतं. पुरवणी चौकटीत लावत नाहीत. एका लॅबच्या मान्यतेचा आमच्या मालकांवर फार प्रभाव पडला होता. मी पुरवणी मागितली. ती आणायला बराच वेळ लागला. मधल्या वेळात चहा आला, बिस्किटं आली, लॅबच्या नव्या इमारतीचा नकाशा आला. शेवटी पुरवणी आली. लॅब मान्यताप्राप्त होती यात शंकाच नाही. सिमेंट, वाळू, विटा आणि पिण्याचं पाणी. इलेक्ट्रॉनिक्सचं काम ते 'सुरू करणार' होते.

"पण एनएबीएल आहे ना?" मालक मला गाडीत म्हणाले.

म्हटलं, "आहे. आपल्या ड्रायव्हरचा विटांशी संबंध आला की येऊ इकडे."

प्रमाणपत्राच्या नंबरातही खुणा असतात. टीसी म्हणजे चाचणीची लॅब, सीसी म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासणारी, एमसी म्हणजे रक्त-लघवीवाली. मान्यतेखाली केलेल्या रिपोर्टवर यूएलआर नावाचा लांबलचक नंबर असतो. हे सगळं एनएबीएलच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, आणि फुकट असल्यामुळेच कोणी बघत नसावं. भारतात विकायच्या मालाला याहून एक पायरी जास्त आहे. २०१२ च्या आदेशानं इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी आली. आरंभी १५ प्रकारच्या वस्तू होत्या, मग यादी वाढत गेली आणि आमचे ड्रायव्हरही तिच्यात गेले. त्या नोंदणीला भारतीय मानक ब्यूरोनं मान्यता दिलेल्या लॅबचाच रिपोर्ट लागतो. दोन सरकारी याद्यांत नाव असलेली लॅब शोधायची, म्हणजे निवड आपोआप सोपी होते. उरतात त्यांच्याकडे तारीख मिळत नाही.

सरकारी संस्थांची आणखी एक अडचण असते, त्यांची नावं. पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे. वाहनं आणि त्यांतली इलेक्ट्रॉनिक्स तपासणारी देशातली ही नामांकित संस्था, पण पुणेकरांच्या दृष्टीनं एआरएआय ही सकाळी चालायला जायची टेकडी आहे. वर काही कचेऱ्या आहेत इतकंच. आणि 'समीर' म्हणून एक संस्था आहे. सूक्ष्मलहरी आणि विद्युत-चुंबकीय विषयांत काम करते, मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारात बसते. मी एकदा मालकांना म्हटलं, "पवईला समीरकडे विचारून बघतो." ते म्हणाले, "बघा. पण पोरगा विश्वासातला आहे ना?"

युरोपातून पहिली ऑर्डर आली तेव्हा खरी मजा झाली. जर्मन गिऱ्हाइकानं एका ओळीच्या मेलमध्ये सीईची कागदपत्रं मागितली. मालकांनी लगेच 'सीई सर्टिफिकेट'चे भाव काढले. भाव देणारेही मिळाले. एकानं नमुना पाठवला: सोनेरी नक्षीची कड, मधोमध गरुड, खाली उठावदार शिक्का आणि इंग्रजीत 'युरोप' हा शब्द निरनिराळ्या ठिकाणी. पंचतारांकित हॉटेलातल्या लग्नाला शोभेल असा कागद होता.

आता मुद्दा असा, की आमच्यासारख्या मालाला असं सर्टिफिकेट कोणी द्यायचंच नसतं. युरोपच्या कायद्याप्रमाणे ड्रायव्हरला लागू पडतात ते मुख्यतः कमी दाबाच्या विजेचा निर्देश, २०१४/३५, आणि विद्युत-चुंबकीय सुसंगतीचा, २०१४/३०. जोडीला घातक द्रव्यांचा एक आहे. उत्पादकानं चाचण्या करून घ्यायच्या, कागदपत्रांची फाईल तयार करायची, ती १० वर्षं सांभाळायची, आणि 'माझा माल या कायद्यात बसतो' असं घोषणापत्र स्वतःच्या सहीनं काढायचं. मग स्वतःच शिक्का मारायचा. तोही निदान ५ मिलिमीटर उंचीचा. काही जोखमीच्या वस्तूंना युरोपनं नेमलेली संस्था मध्ये घ्यावी लागते, तिचा चार आकडी नंबर शिक्क्याशेजारी येतो. आमच्या डबीला ते लागत नाही.

हे मी मालकांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे सही माझी?"

"हो."

"आणि उद्या तिकडे काही झालं तर?"

"तर त्या सहीवरूनच तुम्हाला शोधतील."

"मग लॅबला पैसे कशाचे द्यायचे?"

इतका मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न मी या धंद्यात दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. गरुडवाल्या कागदात मालकांना जे हवं होतं ते हेच: सही दुसऱ्याची. ती विकत मिळत नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा लॅबकडे बघायचा डोळा बदलला. आपल्या सहीखाली काय आहे ते माणूस निराळ्या नजरेनं वाचतो. (सीई म्हणजे 'चायना एक्स्पोर्ट', अक्षरांतलं अंतर कमी असलं की माल चिनी, ही कथा आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर ठरावीक काळानं उगवते. असं कुठलं चिन्ह आपल्याला ठाऊक नसल्याचं युरोपियन आयोगानं केव्हाच सांगून टाकलंय. अंतर चुकलेला शिक्का हा नुसता चुकलेला शिक्का असतो. पण ही कथा मालकांना त्यांच्या मेहुण्यांनी सांगितली असल्यामुळे त्यावर मी फार बोललो नाही.)

लॅब कशी ओळखायची याची माझी स्वतःची एक रीत आहे, आणि तिला कुठल्याही मानकाचा आधार नाही. मी फोन करतो आणि ते काय विचारतात ते ऐकतो. वाईट लॅब जीएसटी नंबर विचारते. चांगली लॅब डोकं खाते. या खेपेला एका लॅबमधून एका संथ आवाजाच्या इंजिनिअरनं विचारायला सुरुवात केली. ड्रायव्हरला लोड काय जोडणार, खरा दिवा की रेझिस्टर? दिव्यापर्यंतची वायर किती लांब? मंद करायची सोय आहे का, असेल तर कुठल्या पायरीवर तपासायचं? अर्थिंग आहे? डबी धातूची की प्लास्टिकची? आतले सुरक्षेचे सुटे भाग कुठल्या कंपनीचे, आणि त्यांचे रिपोर्ट आहेत का? मला निम्म्याच प्रश्नांची उत्तरं देता आली. शेवटी मी घाईघाईनं विचारलं, "पण पास होईल ना?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?" तो म्हणाला.

"हा माणूस काम टाळतोय," मालक म्हणाले. मी स्लॉट बुक केला.

आणि मालकांनाही सोबत नेलं. लॅब गिऱ्हाइकाला चाचणी चालू असताना शेजारी बसू देते की रिसेप्शनमध्ये मासिकं वाचायला बसवते, यावरून फार कळतं. या लॅबनं आम्हाला बसू दिलं. मी नेहमीप्रमाणे यंत्रांचं कौतुक करायच्या मिषानं प्रत्येक यंत्रावरचा स्टिकर वाचत हिंडलो. मोजणाऱ्या यंत्राचंही मोजमाप करून घ्यावं लागतं, आणि त्याची पुढची तारीख स्टिकरवर असते. इथे भिंतीवरच्या तापमापकालाही स्टिकर होता. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या एका लॅबमध्ये मुख्य रिसीव्हरचीच तारीख उलटलेली होती, आणि ते दाखवल्यावर तिथला माणूस "अहो, स्टिकर यायचाय," म्हणाला होता. यंत्र बरोबर आहे की नाही हे त्या स्टिकरच्या येण्यावर अवलंबून असतं, अशी त्याची मनापासून समजूत असावी.

सुरक्षेच्या चाचण्यांत मालक रमले. तिथे एक स्टीलचं बोट असतं. १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, आणि खऱ्या बोटासारखं सांध्यांत वाकणारं. वस्तूच्या प्रत्येक फटीत ते घालून आतल्या जिवंत वायरीपर्यंत पोचतं का ते बघतात. नको तिथे बोट घालायचं कामही आंतरराष्ट्रीय मानकानं नेमून दिलेलं आहे, हे पाहून मालकांना आपल्या एका भागीदाराची आठवण झाली.

मग तापलेली तार. प्लास्टिकवर लाल झालेली तार ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर आणखी ३० सेकंदांच्या आत ज्योत विझली पाहिजे, आणि खाली अंथरलेल्या टिश्यू पेपरनं पेट घेता कामा नये. तारेचं तापमान वस्तूप्रमाणे ठरतं.

"पण बाहेरून तार लावायला जातंय कोण?" मालकांनी विचारलं.

"बाहेरून नाही," इंजिनिअर म्हणाला. "आतला सैल राहिलेला स्क्रू."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या असेंब्ली लाइनवर स्क्रू कोण पिळतं ते दोघांनाही माहीत होतं.

धुळीच्या चाचणीत धूळ म्हणून टाल्कम पावडर उडवतात. "आमच्या मालाला चाकणच्या रस्त्यावरची धूळ खायची आहे, तिला पावडर लावून काय उपयोग?" एवढी एकच शंका मालकांनी काढली. स्थिर विजेची चाचणी पिस्तुलासारख्या यंत्रानं होते. ८००० व्होल्टची ठिणगी हवेतून डबीवर मारतात. संथ आवाजाच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिवसभरात एकदाच समाधान दिसलं ते तेव्हा.

दुपारनंतर चेंबर. आतून काळ्या-निळ्या सुळक्यांनी भरलेली ही खोली सगळ्या लॅबच्या पत्रकांवर छापलेली असते, आणि पत्रकात तिच्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस उभा असतो. पांढरा कोट मी कुठल्याही लॅबमध्ये पाहिलेला नाही. बहुधा फोटोग्राफर तो सोबत आणतो. खोलीचं दार बंद केलं की बाहेरची लहर आत येत नाही आणि आतली बाहेर जात नाही. वस्तू ८० सेंटिमीटर उंच टेबलावर ठेवतात, टेबल गोल फिरतं, समोर अँटेना एक मीटरपासून चार मीटरपर्यंत वरखाली होते, आणि आपली निरुपद्रवी दिसणारी डबी गुपचूप काय काय प्रक्षेपित करते ते बाहेरच्या पडद्यावर उमटतं. आत उभ्या असलेल्या मालकांचा फोन लागेना. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते एका जागी शांत उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःहून विचारलं, "ही खोली बनवायला किती लागतात हो?"

हे सगळं कशासाठी? रेडिओसाठी. दिवा लावला की शेजारच्या रेडिओवर खरखर सुरू होते, हा अनुभव मध्यम लहरींवर बातम्या ऐकणाऱ्या कोणालाही आहे. या खरखरीला आवर घालायला १९३४ साली सीआयएसपीआर नावाची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली, आणि आजही तिनं आखलेली लाल रेष पडद्यावर आडवी पसरलेली असते. तिच्या खाली राहिलात तर पास. आमचा आलेख तिच्या खाली छान चालला होता. मध्येच एका ठिकाणी तो उठला, रेषेच्या वर गेला आणि परत खाली आला.

"किती?" मालकांनी विचारलं.

"दोन डीबी."

"दोनच ना? सोडा की."

भाजीवाल्याकडे दोन काड्या जास्त मागाव्यात त्या सुरात ते म्हणाले. दोन डीबी म्हणजे रेषेच्या सुमारे सव्वापट, असं इंजिनिअरनं सांगितलं. मालकांनी दीड डीबीवर मांडवली करायची तयारी दाखवली. इंजिनिअर म्हणाला, रेष त्याची नाही. मग मालकांच्या कानावर एक नवा शब्द आला: मोजमापातली अनिश्चितता. कुठलीही प्रामाणिक लॅब आपलं मोजमाप किती डीबी इकडेतिकडे असू शकतं ते सांगते, आणि अशा चाचणीत तो आकडा चार-पाच डीबीचा असतो. मालक खुर्चीत पुढे सरकले. "बघा! तुमचंच मशीन पाचनं चुकतं आणि आमच्या दोनला नावं ठेवता? पाच आमच्या बाजूनं धरा."

"आणि विरुद्ध बाजूनं धरले तर तुमच्या आणखी चार-पाच जागा फेल होतील," तो म्हणाला.

१७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीनं यावर उपाय काढला आहे. पास-नापास ठरवताना ही अनिश्चितता कशी धरायची, ते लॅब आणि गिऱ्हाईक यांनी आधीच, ग्राफ दिसण्यापूर्वी, ठरवायचं. आम्ही ठरवलं होतं. आमच्या ऑर्डरसोबतच्या कागदावर सही होती, आणि ती मालकांची होती.

औषध लगेच सापडलं. लॅपटॉपच्या वायरीवर एक गाठ आलेली असते, ती सूज नव्हे. आत फेराइटचं कडं असतं आणि ते नको त्या लहरी गिळतं. तसंच एक कडं आमच्या वायरीवर चढवलं आणि आलेख रेषेखाली आला. दुसऱ्या एका ठिकाणी मी याच वळणावर "साहेब, राहू द्या, मी बघतो," असं म्हणणारा माणूस पाहिला आहे. इथला माणूस रिपोर्टात लिहायला लागला: फेराइट बसवला, अमुक कंपनीचा, अमुक नंबरचा, तमुक जागी. फोटोही काढला.

"हे लिहायलाच पाहिजे का?" मालकांनी हळूच विचारलं. "सॅम्पलला लावू ना आपण. मालाचं मग बघू."

लॅबच्या विश्वासार्हतेवर मी दिवसच्या दिवस घालवतो, पण हे वाक्य ऐकल्यावर मला दर वेळी वाटतं, की तपासणी उलट बाजूनं व्हायला हवी. लॅबकडे जातं ते सॅम्पल कारखान्यातलं सगळ्यात लाडकं अपत्य असतं. त्याचा कपॅसिटर जपानी, त्याचं सोल्डरिंग मुख्य तंत्रज्ञानं हातानं केलेलं, त्याला कुंकू लावायचं तेवढं बाकी असतं. महिन्याभरानं खरेदी विभागाला दोन रुपयांनी स्वस्त कपॅसिटर सापडतो, आणि तो घेतल्याबद्दल त्यांना शाबासकीही मिळते. रिपोर्टात मात्र पहिल्याच पानावर छापलेलं असतं, की हे निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. हे वाक्य लॅबनं स्वतःला वाचवायला घातलेलं नाही. तिला जेवढं माहीत आहे तेवढंच ती सांगते आहे. आमच्यात तेवढं धैर्य नसतं. आम्ही त्या एका डबीचा रिपोर्ट वीस हजार डब्यांना लावतो.

अमेरिकेत सध्या हा विश्वासाचा प्रश्न आणखी वेगळ्या टोकाला गेला आहे. तिथल्या दूरसंचार आयोगानं मे २०२५ मध्ये ठरवलं, की शत्रू मानलेल्या देशांच्या ताब्यातल्या लॅबचे रिपोर्ट यापुढे चालायचे नाहीत. आयोगाच्याच अंदाजाप्रमाणे अमेरिकेत जाणाऱ्या सुमारे ७५ टक्के इलेक्ट्रॉनिक वस्तू चीनमधल्या लॅबमध्ये तपासल्या जातात. म्हणजे आता लॅबचा स्टिकर आणि स्कोप बघून भागत नाही. मालक कोण, हेही बघायचं. ही बातमी मी आमच्या मालकांना वाचून दाखवली. त्यांनी त्यातलं एकच ऐकलं: "म्हणजे आपल्याकडच्या लॅबचे भाव वाढणार."

तर, फेराइट मालालाही लागला. कारण फोटो रिपोर्टात गेला होता, रिपोर्ट फाईलमध्ये गेला होता, आणि फाईलच्या शेवटच्या पानावर मालकांची सही होती. दर डबीमागे खर्च वाढला, त्यावरून खरेदी विभाग आणि मी आजही एकमेकांशी कामापुरतंच बोलतो.

लॅबची बिलं मात्र दोन आली. एक पहिल्या, नापास झालेल्या चाचणीचं. दुसरं फेराइट लावून पुन्हा केलेल्या चाचणीचं. दोन्हींतला आकडा सारखाच होता. मालकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, आणि माझ्यासमोर लॅबला फोन लावला.

"पासचं बिल बरोबर आहे, त्याबद्दल म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण फेलचेही तेवढेच?"

पलीकडून तोच संथ आवाज आला. काम तेवढंच झालं होतं, असं त्याचं म्हणणं.

"अहो, पण निदान जीएसटी तरी फेलवर कमी असेल ना?"

"नाही साहेब. दोन्हीला अठराच."